लाइट गेली, लाइट लागला आणि लाइट चहा: एका शब्दावरून इंग्रजी शिकायची पद्धत

साताऱ्यात संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेते. माण-खटावकडची, पाटणची, जावळीतली, शहरात खोली करून राहिलेली मुलं-मुली येतात. कुणी भरतीच्या तयारीत असतं, कुणी बँकेच्या मुलाखतीच्या. दुकान बंद करून येणाऱ्या बायकाही असतात. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे एकच सांगतात, ‘मॅडम, शब्दच कमी पडतात.’

मला ते पटत नाही. यातला प्रत्येक जण सकाळपासून रात्रीपर्यंत शेकड्याने इंग्रजी शब्द वापरत असतो. अडचण वेगळी आहे. तो शब्द आपल्या मराठीत येऊन कुठे बसला आणि मूळ इंग्रजीत कुठे बसतो, याची फोड कुणी करून दिलेली नसते. म्हणून मी पहिला आठवडा नवा शब्द देतच नाही. सगळ्यांच्या तोंडात असलेला एकच शब्द घेते: लाइट. घरी बसून एकट्यानेही हे करता येईल, म्हणून वर्गात करतो त्याच क्रमाने इथे लिहिते.

पायरी पहिली: आपल्याच तोंडातली लाइट पकडा

एक दिवस खिशात छोटी वही ठेवा. घरात, एसटीत, टपरीवर, शेतात जिथे ‘लाइट’ ऐकू येईल तिथे ते अख्खं वाक्य लिहून घ्या. नुसता शब्द लिहू नका. संध्याकाळपर्यंत साधारण अशी वाक्यं जमतात: लाइट गेली. लाइट आली का? लाइटबिल भरलं का? या आठवड्यात शेताला लाइट रात्रीची आहे. जिन्यातला लाइट राहिला बघ. मंडळाची लायटिंग भारी आहे. लाइट कलरचा शर्ट दाखवा. चहा लाइट कर. रात्री लाइट काहीतरी खाऊ. एवढं लाइटली घेऊ नकोस.

आता पहिली आणि पाचवी नोंद शेजारी ठेवून वाचा. लाइट ‘गेली’, पण जिन्यातला लाइट ‘राहिला’. वीज म्हणायचं असेल तेव्हा लाइट स्त्रीलिंगी, आणि दिवा म्हणायचा असेल तेव्हा आपल्यापैकी बरेच जण त्याला पुल्लिंगी करतात. हा नियम कुणी शिकवलेला नाही. वीज ‘ती’ आणि दिवा ‘तो’, म्हणून त्यांच्या जागी आलेल्या शब्दानेही तेच लिंग घेतलं. काही घरांत दिव्यालाही ‘ती लाइट’ म्हणतात, पण फरक समजायला हे उदाहरण पुरेसं आहे. एका शब्दाचे दोन अर्थ आपण न गोंधळता सांभाळतो, ही ताकद तुमच्याकडे आधीच आहे. तीच इंग्रजीकडे वळवायची आहे.

पायरी दुसरी: ‘ती लाइट’ आणि ‘तो लाइट’ यांना वेगळे इंग्रजी शब्द द्या

‘ती लाइट’ म्हणजे वीजपुरवठा. इंग्रजीत तिला पॉवर किंवा इलेक्ट्रिसिटी म्हणतात. लाइट गेली: ‘द पॉवर इज आउट’ किंवा ‘देअर इज अ पॉवर कट’. अमेरिकेत ‘आउटेज’ असंही म्हणतात. लाइट आली: ‘द पॉवर इज बॅक’. लाइटबिल म्हणजे इलेक्ट्रिसिटी बिल. शेताला रात्रीची लाइट आहे, हे सांगताना ‘वी गेट पॉवर फॉर द पंप्स ओन्ली अ‍ॅट नाइट’ असं म्हणा. आपल्या जिल्ह्यातल्या कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तिथे तयार होते ती इलेक्ट्रिसिटी, लाइट नव्हे. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचंही तसंच. मुलाखतीत जिल्ह्याविषयी विचारलं तर ही दोन वाक्यं हमखास लागतात, म्हणून ती तोंडपाठच करून ठेवा.

‘लाइट हॅज गॉन’ म्हटलं तर भारतात कुणी अडणार नाही. पण इतरत्र त्याचा अर्थ ‘दिवसाचा उजेड संपला’ असा घेतला जाईल. क्रिकेटमध्ये ‘बॅड लाइट’मुळे खेळ थांबतो तो हाच उजेड. तिथे विजेचा काही संबंध नसतो.

‘तो लाइट’ म्हणजे दिवा. इथे इंग्रजीतही लाइटच चालतो, आणि तो मोजता येतो: वन लाइट, टू लाइट्स. मोजता येत नाही तो उजेड. खोलीत पुरेसा उजेड नाही: ‘देअर इजन्ट इनफ लाइट’. दिवे बंद झाले: ‘द लाइट्स वेंट आउट’. हे अनेकवचन कानात बसवून घ्या.

यात एक चूक मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करते: ‘ऑन द लाइट’. आपण ‘लाइट ऑन कर’ म्हणतो, त्यामुळे जीभ तिकडेच वळते. इंग्रजीत ‘ऑन’ हे क्रियापद नाही. ‘टर्न ऑन द लाइट’ किंवा ‘स्विच ऑन द लाइट’ म्हणा. ‘ओपन द लाइट’ तर नकोच.

लाइट हे क्रियापद आहे, पण ते ज्योतीसाठी आणि आगीसाठी. चूल, मेणबत्ती, समई, शेकोटी यांना ‘लाइट’ करतात. भूतकाळी रूप ‘लिट’. ‘लाइटेड’ही चुकीचं नाही, विशेषतः नामाआधी: ‘अ लाइटेड कँडल’. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणाऱ्यांनी हे वाक्य घ्यावं: ‘द चीफ गेस्ट लिट द लॅम्प’. पाहुण्यांनी समई पेटवली तर ‘लिट’, आणि बटण दाबून ट्यूब लावली तर ‘टर्न्ड ऑन’. अनोळखी माणसाने ‘डू यू हॅव अ लाइट?’ विचारलं, तर त्याला बॅटरी नको असते. सिगारेट पेटवायला काडेपेटी किंवा लायटर हवा असतो.

मंडळाच्या लायटिंगला इंग्रजीत ‘डेकोरेटिव्ह लाइट्स’ म्हणा. ‘लाइटिंग’ हा शब्द आहे, पण तो खोलीतल्या किंवा रंगमंचावरच्या एकूण प्रकाशयोजनेसाठी.

गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. घाटात समोरच्या ट्रकने ‘डिपर दिला’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्याने लाइट खालीवर करून इशारा दिलेला असतो. इंग्रजीत ‘डिप युअर हेडलाइट्स’ म्हणजे झोत खाली करा, समोरच्याच्या डोळ्यांवर मारू नका. इशारा देण्याला ‘फ्लॅश’ म्हणतात.

पायरी तिसरी: वीज

इथे मराठीची बाजू उलटते. आकाशात चमकते तीही आपली वीज आणि तारेतून येते तीही वीज. इंग्रजीत हे दोन अगदी निराळे शब्द. आकाशातली ती ‘लाइटनिंग’. त्यामुळे ‘झाडावर वीज पडली’ याचं ‘इलेक्ट्रिसिटी फेल ऑन द ट्री’ असं भाषांतर झालेलं मी वह्यांमध्ये पाहिलंय. बरोबर वाक्य: ‘लाइटनिंग स्ट्रक द ट्री’. पडणं इंग्रजीत नाही, वीज तिथे आघात करते. आणि लाइटनिंग मोजत नाहीत. ‘अ लाइटनिंग’ नाही, ‘अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग’.

स्पेलिंगची काळजी घ्या. मधे एक ‘ई’ जास्त पडला की शब्दाचा अर्थ ‘हलकं करणं’ किंवा ‘फिकट करणं’ असा होतो. वळिवाच्या पावसावर निबंध लिहिताना दर वर्षी कुणाची तरी वीज अशी हलकी होते.

पायरी चौथी: विरुद्ध शब्द विचारा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इथे घाई करू नका.

शब्दकोश उघडलात तर ‘लाइट’खाली अर्थांची लांबलचक यादी दिसेल. ती पाठ करायला बसलात तर चार दिवसांत कंटाळाल. त्याऐवजी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: इथे लाइटच्या उलट काय? उत्तर ‘डार्क’ आलं तर तो उजेडाच्या घरातला. ‘हेवी’ आलं तर तो वजनाच्या घरातला.

लाइट ब्लू, उलट डार्क ब्लू. म्हणजे उजेडाचं घर, मराठीत फिकट निळा. लाइट बॅग, उलट हेवी बॅग. वजनाचं घर, हलकी पिशवी. लाइट रेन, उलट हेवी रेन. पुन्हा वजनाचं घर. हवामान खातंही मराठीत ‘हलका पाऊस’ असंच म्हणतं. लाइट ट्रॅफिक, उलट हेवी ट्रॅफिक, म्हणजे तुरळक वाहतूक. आता ‘अ लाइट जॅकेट’ घ्या. हे फिकट रंगाचं की पातळ कापडाचं? नुसत्या दोन शब्दांवरून सांगता येणार नाही. पुढे थंडीचा विषय निघाला तर वजन, शर्टाशी जुळण्याचा विषय निघाला तर रंग.

हे दोन अर्थ एकाच शब्दाचे नाहीत. ते मुळात दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत त्यांचा उच्चार आणि स्पेलिंग सारखं होऊन बसलं. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत ते अजून वेगळेच राहिलेत: उजेडाला ‘लिश्ट’, हलक्याला ‘लाइश्ट’. चांगल्या जाड शब्दकोशात त्यांच्या नोंदीही वेगळ्या असतात आणि वर बारीक १, २ असे आकडे असतात. नोंद वाचण्याआधी तो आकडा बघायची सवय लावा.

मुलांना सर्वांत आवडतं ते पुढचं. हे दोन्ही शब्द आपल्या नात्यातले आहेत. वजनाच्या घरातला लाइट आणि संस्कृतमधला ‘लघु’ एकाच प्राचीन मुळापासून आले. लघुचं प्राकृतात ‘लहु’ झालं, मग अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हळू’ आणि ‘हलका’ आले. म्हणजे ‘लाइट बॅग’ आणि ‘हलकी पिशवी’ यांतले दोन्ही शब्द दूरचे चुलतभाऊ. उजेडाच्या घरातल्या लाइटचं नातं ‘रुच्’ या धातूशी आहे. त्याचा मूळ अर्थ चमकणं, शोभणं. आपली ‘रुची’ त्यातूनच आली. हे कळलं की परका शब्द परका राहत नाही, आणि माझा अनुभव असा की तो विसरलाही जात नाही.

त्या स्पेलिंगमधली मुकी ‘जी-एच’ अक्षरंही उगाच नाहीत. जुन्या इंग्रजीत तिथे घशातला ‘ख’सारखा उच्चार होता. तो गळला, अक्षरं राहिली. नाइट, राइट, माइट, साइट, फाइट यांतही तेच झालं. पाचही शब्द एकदम लिहून काढा, स्पेलिंग कायमचं बसेल.

पायरी पाचवी: शेजारचा शब्द बघा

घर कळलं, तरी नेमका अर्थ शेजारचा शब्दच ठरवतो. म्हणून वहीत ‘लाइट म्हणजे हलका’ असं लिहू नका. जोडी लिहा.

लाइट स्लीपर म्हणजे जरा आवाज झाला की जागा होणारा. लाइट सेंटेन्स म्हणजे सौम्य शिक्षा. लाइट म्युझिक म्हणजे सुगम संगीत. लाइट मील म्हणजे हलकं जेवण. लाइट इयर हे वर्ष नव्हे, अंतर आहे: प्रकाश एका वर्षात जेवढं कापतो तेवढं, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. वाहन परवान्यावर ‘एल-एम-व्ही’ लिहिलेलं असतं त्यातला ‘एल’ म्हणजे लाइट, हलकं मोटार वाहन. कायद्याने त्याची वजनमर्यादा ७,५०० किलो आहे. एवढं वजन आपल्याला हलकं वाटणार नाही, पण शेजारी हेवी व्हेइकल उभं केलं की तो शब्द पटतो.

भरतीच्या मुलांसाठी ‘मराठा लाइट इन्फंट्री’ तर घरचंच नाव. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत आणि घरटी कुणीतरी फौजेत गेलेलं असतं. तरीही वर्गात या नावातल्या ‘लाइट’चा अर्थ विचारला की शांतता पसरते. लाइट इन्फंट्री म्हणजे कमी ओझं घेऊन झपाट्याने हालचाल करणारं पायदळ. या रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ मधे उभी राहिली आणि तिचं केंद्र बेळगावला आहे. इथे ‘लाइट’मध्ये कमीपणा अजिबात नाही. चपळाईचा मान आहे.

सांगलीकडून येणाऱ्या एका मुलाने विचारलं होतं की ‘बार्शी लाइट रेल्वे’ म्हणजे विजेवरची गाडी का. प्रश्न फार चांगला होता. ती गाडी वाफेच्या इंजिनाची. १८९७ मधे सुरू झाली आणि १९२७ मधे तिचा मार्ग मिरजेला पोचला. रूळ हलके आणि मार्ग अडीच फुटांचा अरुंद, म्हणून लाइट रेल्वे.

आता जिथे शेजार फसवतो ती ठिकाणं. ‘लाइट चहा’ इंग्रजीत ‘वीक टी’ होतो, कारण कडक चहा ‘हेवी’ नसतो, ‘स्ट्राँग’ असतो. विरुद्ध शब्दाची युक्ती इथेही वाट दाखवते. दवाखान्यातही जपा. ‘डोकं हलकं झालं’ म्हणजे आपल्याला बरं वाटलं. पण डॉक्टरांना ‘आय फील लाइट-हेडेड’ सांगितलंत, तर त्याचा अर्थ गरगरतंय, चक्कर येतेय असा होतो. बरं वाटत असेल तर ‘आय फील बेटर’ म्हणा. मन हलकं झालं: ‘आय फील रिलीव्ह्ड’.

आपला ‘हलका’ शब्द दुधारी आहे, हे विसरू नका. हलक्या प्रतीचा माल म्हणजे ‘लाइट’ नव्हे, ‘चीप’ किंवा ‘पुअर क्वालिटी’. हलक्या कानाचा माणूस म्हणजे ‘गलिबल’. ‘लाइट-फिंगर्ड’ कुणाला म्हणाल तर तो नाजूक हाताचा कारागीर होत नाही, हातचलाखीने चोरणारा होतो. कौतुक करायचं असेल तर ‘शी हॅज अ लाइट टच’ म्हणा.

पायरी सहावी: वाक्प्रचार, पण थोडे आणि जपून

काही वाक्प्रचार दोन्ही भाषांत जुळतात. ‘कम टू लाइट’ म्हणजे उजेडात येणं. ‘शेड लाइट ऑन’ म्हणजे प्रकाश टाकणं. ‘ग्रीन लाइट’ला आपल्याकडे हिरवा कंदील आहे, रेल्वेमुळे आलेला. ‘इन द लाइट ऑफ’ अर्जात आणि अहवालात फार लागतं: अमुक गोष्ट लक्षात घेता. ‘मेक लाइट ऑफ’ मात्र वजनाच्या घरातलं आहे: एखादी गंभीर गोष्ट किरकोळ समजणं. आपलं ‘लाइटली घेणं’ त्याच्या जवळ जातं, इंग्रजीत ‘टेक इट लाइटली’ म्हणतात.

जुळत नाहीत ते आपलेच. ‘काय उजेड पाडलास?’, ‘काय दिवे लावलेस?’ यांतला टोमणा इंग्रजीत नेता येत नाही. ‘यू लिट लॅम्प्स’ म्हटलं तर समोरच्याला कौतुक वाटेल. एखाद्याला उशिरा समजतं म्हणून आपण त्याला ट्यूबलाइट म्हणतो. भारताबाहेर ते कळणार नाही. उशिरा का होईना ‘ट्यूब पेटली’, हे सांगायला ‘इट फायनली डॉन्ड ऑन मी’ आहे. त्यात पहाट होते, म्हणजे घर उजेडाचंच.

एक शब्द पाट्यांसाठी ओळखून ठेवा: ‘अलाइट’. मोठ्या शहरांत रेल्वे-मेट्रोच्या सूचनांमध्ये तो दिसतो. अर्थ: उतरणे. घोड्यावरून उतरून त्याचं ओझं हलकं करणं, यावरून तो आला. म्हणजे वजनाचं घर.

सराव

पुढची वाक्यं इंग्रजीत करा, आणि प्रत्येकासमोर घर लिहा, उजेडाचं की वजनाचं. घर सापडत नसेल तर इंग्रजी वाक्यात लाइट लागतच नाही, असं समजा. काल रात्रभर लाइट नव्हती. आजोबांची झोप सावध आहे. देवापुढचा दिवा आईने लावला. कासच्या रस्त्यावर हलका पाऊस होता. फिकट हिरवी साडी दाखवा. विजा चमकत होत्या, म्हणून आम्ही झाडाखाली थांबलो नाही. या चौकशीतून बऱ्याच गोष्टी उजेडात आल्या. चहा जरा लाइट करा.

पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात लाइट वापरलात तर दुसऱ्या पायरीकडे आणि पाचवीकडे परत जा. विजांच्या वाक्यात नुसतं ‘लाइटनिंग’ लिहा, ‘लाइटनिंग्ज’ नको. बाकीची वाक्यं घरात मोठ्याने म्हणा, कुणी ऐकायला असेल तर उत्तम.

हे सगळं पाच-सहा दिवसांत होतं. पुढच्या आठवड्यासाठी ‘लाइन’ हा शब्द घ्या. वही तीच. मोटारीला लाइन, पाण्याची लाइन, तिकिटाची लाइन, पोरगं लाइनीला लागलं… पहिली पायरी पुन्हा करा, पहिलं पान संध्याकाळच्या आत भरेल.